बारा इंची गर्डर किती पेलतो?

काटोलच्या बाजारात गर्डर किलोवर मिळतो. गिऱ्हाईक गाळ्याची लांबी फुटात सांगतं, वेल्डर किंवा दुकानदार अनुभवाने 'आठ इंची चालेल' नाहीतर 'बारा इंची टाका' म्हणतो, काटा होतो आणि ट्रॉली गावाकडे निघते. बहुतेक वेळा तो गर्डर वर्षानुवर्षं नीट उभा राहतो, म्हणून या पद्धतीवर सगळ्यांचा विश्वास बसला आहे. हा विश्वास मला चुकीचा म्हणायचा नाही. पिढ्यान् पिढ्यांच्या निरीक्षणातून तो आला आहे. पण ज्या घरांवर आणि गोदामांवर तो घडला, त्यांचे गाळे दहा-बारा फुटांचे होते, वर फरशी किंवा कवेलू होते आणि गर्डर दोन्ही बाजूंनी बांधकामात गच्च बसलेला असे. आज त्याच अंदाजावर वीस-पंचवीस फुटांचे गाळे उभे राहत आहेत. काटोल-नरखेडच्या पट्ट्यात संत्र्याची प्रतवारी, धुलाई आणि भरणी करण्यासाठी मोकळ्या शेड लागतात, कोंढाळीच्या बाजूला कापसाची गोदामं लागतात, गावातल्या दुकानदाराला दुकानावर माळा हवा असतो. या बांधकामांत गर्डरला वेगळंच काम करावं लागतं.

हे पुस्तक त्या कामाबद्दल आहे. आयटीआयमधून बाहेर पडलेला फिटर, तंत्रनिकेतनातली विद्यार्थिनी, स्वतःच्या वावरात शेड बांधू पाहणारा कास्तकार आणि लहान गावातला फॅब्रिकेटर असे चार वाचक डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिलं गेलं. त्यातलं मुख्य म्हणणं मी आधीच सांगून टाकतो. गर्डरला स्वतःची अशी एकच ताकद नसते. ती त्याच्या आकारातून येते, गाळ्याप्रमाणे बदलते, आणि सर्वांत जास्त बदलते ती त्याची दाबात आलेली बाजू कोणी, कुठे धरून ठेवली आहे यावर. शेवटची गोष्ट आपल्याकडे सर्वांत कमी बोलली जाते, म्हणून या प्रस्तावनेतही मी तिथेच जास्त वेळ थांबणार आहे.

आधी हे लोखंड कुठलं, ते सांगायला हवं. विदर्भातल्या वाचकाला ही हकिगत माहीत असावी असं मला मनापासून वाटतं. जमशेदजी टाटांनी नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली. पुढे १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ या भूशास्त्रज्ञाचा चांदा जिल्ह्यातल्या लोखंडावरचा अहवाल त्यांच्या हाती आला. लोहाऱ्याचं खनिज उत्तम होतं आणि वरोऱ्याला कोळशाची खाण होती, त्यामुळे भारतातला पोलादाचा कारखाना आपल्याच चांद्यात उभा राहील असं काही काळ वाटलं. पण वरोऱ्याचा कोळसा झोतभट्टीच्या कामाचा ठरला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चार्ल्स वेल्ड या अमेरिकी भूशास्त्रज्ञाने चांदा पुन्हा तपासला, तेव्हाही निराशाच झाली. ते काम थांबवत असल्याचं सरकारला सांगायला दोराबजी टाटा नागपूरला आले. अधिकाऱ्याची वाट पाहताना ते सचिवालयासमोरच्या संग्रहालयात शिरले, आणि तिथे मध्य प्रांताच्या रंगीत भूशास्त्रीय नकाशावर दुर्ग जिल्ह्याचा एक भाग त्यांना गडद रंगात दिसला. तो रंग लोखंडाचा होता. त्या नकाशाच्या मागावर वेल्ड धल्ली-राजहराच्या डोंगरांवर पोहोचले आणि त्यांना अत्यंत श्रीमंत खनिज सापडलं.

टाटांचा कारखाना शेवटी तिकडे झाला नाही. प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंजच्या गुरुमहिसानीचं खनिज दाखवून दिल्यावर तो साकचीला गेला आणि १९१२ मध्ये तिथे पोलाद निघालं. राजहराचे डोंगर मात्र वाया गेले नाहीत. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिलेला आणि १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटलेला भिलाईचा कारखाना त्याच खनिजावर चालला. रेल्वेचे रूळ आणि जड गर्डर लाटणारा हा कारखाना नागपूरहून सुमारे अडीचशे किलोमीटरवर आहे. काटोलच्या एखाद्या माळ्याखालच्या गर्डरवर भिलाईची मोहोर दिसली, तर त्याचं मूळ ज्या डोंगरात आहे तो नागपुरातल्या एका भिंतीवरच्या नकाशात ओळखला गेला होता.

आता आकाराकडे येतो.

बारा इंची गर्डर म्हणजे मानकाच्या भाषेत आयएसएमबी ३००. त्याची उंची ३०० मिमी, फ्लँज म्हणजे वरखालच्या पट्ट्या १४० मिमी रुंद, आणि त्यांना जोडणारी उभी वेब ७.५ मिमी जाड. एका मीटरचं वजन ४४.२ किलो. हे आकडे वर्गात अजूनही वापरात असलेल्या जुन्या स्टील टेबलातले आहेत. नंतरच्या आवृत्तीत ते थोडे बदलले, म्हणून हातात आलेल्या मालाची जाडी व्हर्नियरने मोजायची सवय लावून घ्यावी. याच वजनाची भरीव चौकोनी सळई घेतली तर तिची बाजू ७५ मिमी येते. पोलाद तेवढंच, किंमत जवळपास तेवढीच. पण वाकण्याला विरोध करण्याची क्षमता ज्याने मोजतात तो सेक्शन मोड्युलस चौकोनी सळईचा ७० घन सेंटिमीटर, आणि गर्डरचा ५७३.६. आठपट. फक्त पोलाद मध्यापासून दूर नेऊन ठेवल्यामुळे.

कारण असं. भाराखाली गर्डर वाकतो तेव्हा त्याची वरची बाजू दबते आणि खालची ताणली जाते. मधोमध एक पातळी अशी असते की जिथे ना दाब असतो ना ताण. तिथलं पोलाद जवळजवळ रिकामं बसलेलं असतं, म्हणून तिथून ते काढून वरखाली पाठवायचं. वेबचं काम मग दोन फ्लँजना अंतरावर ठेवणं आणि एकमेकांवरून घसरू न देणं एवढंच उरतं. फळी आडवी टाकण्यापेक्षा धारेवर उभी ठेवली तर जास्त पेलते, हे गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात मांडलं. आपला सुतार ते त्याच्याही आधीपासून करत आला असणार. हाच बारा इंची गर्डर आडवा पाडला तर त्याचा सेक्शन मोड्युलस ५७३.६ वरून ६४.८ वर येतो, म्हणजे नवव्या हिश्शापर्यंत. शेडमध्ये कडेने ढकल बसणार असेल, ट्रॅक्टरचा धक्का लागणार असेल, तर गर्डरची ही दुसरी, कमकुवत दिशा आठवणीत ठेवावी.

उंची वाढवली की फायदा फार झपाट्याने होतो. आयएसएमबी ३०० वरून ३५० वर गेलं तर वजन मीटरमागे ४४.२ चं ५२.४ किलो होतं, साधारण १९ टक्क्यांनी जास्त. झोळ रोखणारा मोमेंट ऑफ इनर्शिया मात्र ८६०४ वरून १३६३० वर जातो, ५८ टक्क्यांनी. म्हणून 'मजबूत पाहिजे' म्हणून जाड माल शोधणाऱ्याला मी नेहमी आधी उंची वाढवायला सांगतो.

मग सगळे गर्डर अरुंद आणि उंचच का नाहीत? इथे रुंद फ्लँजची गोष्ट सुरू होते. जुन्या लाटण गिरणीत दोन आडव्या रुळांना खाचा पाडलेल्या असत, आणि तापलेलं पोलाद त्या खाचांत शिरून गर्डरचा आकार घेई. खाचेतून माल सुटावा म्हणून फ्लँजच्या आतल्या अंगाला उतार ठेवावा लागे आणि फ्लँज फार रुंद करता येत नसे. आयएसएमबीच्या फ्लँजला तो उतार आजही आहे. म्हणूनच तिथे बोल्ट मारताना साध्या वायसरऐवजी उताराचा वायसर लागतो. तो न टाकता बोल्ट आवळला तर त्याचं डोकं एका कडेवरच टेकतं आणि बोल्ट वाकतो. हेन्री ग्रे याने यावर उपाय काढला. वेबवर दाब देणारे दोन आडवे रूळ आणि फ्लँजवर बाहेरून दाब देणारे दोन उभे रूळ अशी त्याची गिरणी होती. तिच्यातून रुंद, समांतर आणि सपाट फ्लँजचे गर्डर निघू लागले. लक्झेंबर्गच्या डिफरडांज इथे विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, आणि १९०८ मध्ये अमेरिकेतल्या बेथलेहेम इथे ही गिरणी चालू झाली. पुढच्या उंच इमारती याच गर्डरवर चढल्या. आपल्याकडे छत्तीसगडमधल्या रायगडच्या कारखान्यात समांतर फ्लँजचे गर्डर लाटले जातात आणि ते नागपूरच्या बाजारात येतात. जुन्या भारतीय यादीत रुंद फ्लँजच्या दोन मालिका होत्या, आयएसडब्ल्यूबी आणि आयएसएचबी. पुढची तुलना मी आयएसडब्ल्यूबी ३०० शी करणार आहे. त्याची उंची तेवढीच, ३०० मिमी, पण फ्लँज २०० मिमी रुंद. वजन मीटरमागे ४८.१ किलो.

आता शीर्षकातला प्रश्न. बारा इंची गर्डर, सहा मीटरचा म्हणजे वीस फुटांचा गाळा, दोन्ही टोकं नुसती टेकलेली. पोलाद नेहमीचं, ज्याची प्रवाहसीमा चौरस मिलिमीटरला २५० न्यूटन आहे. भारतीय मानक ८०० च्या २००७ सालच्या आवृत्तीनुसार वरची फ्लँज संपूर्ण लांबीभर धरलेली असेल, तर हा गर्डर १४८ किलोन्यूटन-मीटरचा बेंडिंग मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, घेऊ शकतो. भारावर दीडपट सुरक्षा धरून उलट हिशोब केला की मीटरमागे २१.९ किलोन्यूटन निघतात, ढोबळमानाने २.२ टन. ज्यांनी १९८४ च्या आवृत्तीवर शिक्षण घेतलं ते १६५ च्या परवानगीच्या ताणाने हिशोब करतात आणि त्यांचं उत्तर २१ किलोन्यूटन येतं. दोन पिढ्यांची पद्धत वेगळी, पण उत्तरं जवळपास सारखी. म्हणून जुन्या अभियंत्याच्या वहीतल्या आकड्याला कोणी कमी लेखू नये.

एवढा भार खरंच टाकला तर झोळ मात्र २१.५ मिमी पडतो. खालून प्लास्टर किंवा तडकणारं छत असेल तर मानक चल भाराखालच्या झोळाला गाळ्याच्या ३६० व्या भागाची, म्हणजे १६.७ मिमीची मर्यादा घालतं. त्या मर्यादेत राहायचं तर चल भार मीटरमागे १७ किलोन्यूटनपर्यंतच ठेवता येतो. गर्डर तुटणार नाही, पण छताला भेगा पडतील, दार अडकेल, आणि घरातली माणसं अस्वस्थ होतील. लांब गाळ्यांत बहुतेक वेळा झोळच निर्णय घेतो. इथे महाग, जास्त ताकदीचं पोलाद आणून उपयोग नाही. झोळ पोलादाच्या ताकदीवर अवलंबून नसून त्याच्या ताठपणावर असतो, आणि तो सगळ्या पोलादांचा सारखाच असतो.

एक खरं उदाहरण घेऊ. भरणीच्या शेडमध्ये माळा काढायचा आहे आणि त्यावर संत्र्याचे क्रेट ठेवायचे आहेत. वीस किलोचे क्रेट सहा थर रचले तर चौरस मीटरवर सुमारे ६०० किलो होतात, म्हणजे जवळपास ६ किलोन्यूटन. घरातल्या खोलीसाठी मानक २ किलोन्यूटन धरतं, हे त्याच्या तिप्पट झालं. गर्डर तीन-तीन मीटरवर ठेवले तर प्रत्येकावर क्रेटचे १८, चार इंची स्लॅबचे ७.५, वरच्या फरशीचे ३ आणि स्वतःचे अर्धा, असे २९ किलोन्यूटन येतात. बारा इंची गर्डर यात बसत नाही. दोन-दोन मीटरवर ठेवले तर १९.४ होतात, आणि झोळही मर्यादेत राहतो. म्हणजे त्याच बारा इंची गर्डरने माळा होतो किंवा होत नाही, ते त्यांच्यामधल्या अंतरावर ठरतं. 'बारा इंची चालेल का?' या प्रश्नाला म्हणूनच एका शब्दात उत्तर देता येत नाही.

आणि या उदाहरणातला सर्वांत धोक्याचा दिवस माळा भरल्याचा नाही.

शाळेतली प्लॅस्टिकची लांब पट्टी धारेवर उभी धरून दोन्ही टोकांनी वाकवण्याचा प्रयत्न करा. ती खाली वाकण्याआधीच बाजूला पळते आणि पिळली जाते. गर्डरही तेच करतो. त्याची वरची फ्लँज दाबात असते, आणि दाबातली लांब, सडपातळ पट्टी बाजूला पळू पाहते. खालची फ्लँज ताणात असल्याने सरळच राहते. वरची जाते, खालची जात नाही, म्हणून संपूर्ण गर्डर कलंडत पिळतो. हे होण्यासाठी पोलाद तुटायची किंवा वितळायची गरज नसते. पोलादाची अर्धी ताकदही वापरली गेलेली नसताना गर्डर कोसळू शकतो.

किती फरक पडतो ते पाहा. वर १४८ किलोन्यूटन-मीटर म्हटलं ते वरची फ्लँज धरलेली असताना. तोच बारा इंची गर्डर, तेच सहा मीटर, पण टोकांशिवाय मध्ये कुठेही आडवा आधार नाही. आता मानकाच्या सूत्राने संपूर्ण लांबीभर सारखा मोमेंट धरून क्षमता ५६ किलोन्यूटन-मीटर येते. शंभरातले साधारण ३८ भाग उरले. वजन तेच, किंमत तीच. मग मध्यावर, तीन मीटरवर, वरच्या फ्लँजला एकच भक्कम आडवा आधार दिला, ज्याचं दुसरं टोक खरोखर न हलणाऱ्या वस्तूला बांधलेलं आहे. क्षमता १०७ होते. एका अँगलच्या तुकड्याने आणि चार बोल्टांनी गर्डर जवळजवळ दुप्पट ताकदीचा झाला. या पुस्तकातलं दुसरं काहीही विसरलात तरी चालेल, हा आकडा विसरू नका.

रुंद फ्लँजचा फायदा इथे दिसतो. कुठलाही मधला आधार नसलेला आयएसडब्ल्यूबी ३०० त्याच सहा मीटरवर ८२ किलोन्यूटन-मीटर घेतो. वजनात ९ टक्के वाढ, क्षमतेत ४७ टक्के. सहा मीटरच्या गर्डरमागे २३ किलो पोलाद जास्त लागतं. फ्लँज रुंद झाली की बाजूला पळण्याला तिचा विरोध झपाट्याने वाढतो. या गर्डरचा आडव्या दिशेचा मोमेंट ऑफ इनर्शिया ९९० आहे, आयएसएमबीचा ४५४. जिथे स्लॅब नाही, छत नाही, मध्ये आडवे अँगल लावायला जागा नाही, तिथे रुंद फ्लँजच घ्यावी असं मी स्पष्टपणे सांगेन. पण रुंदीलाही मर्यादा आहे. आयएसएचबी ३०० ची फ्लँज २५० मिमी रुंद आणि फक्त १०.६ मिमी जाड आहे. एवढी पातळ, लांब कड दाबाखाली स्वतःच सुरकुतू शकते, म्हणून मानक त्या गर्डरला त्याची पूर्ण ताकद, म्हणजे प्लास्टिक मोमेंट, वापरू देत नाही. खांब म्हणून तो उत्तम आहे, आणि तो मुळात त्यासाठीच आहे.

आता तो धोक्याचा दिवस. माळ्याचा स्लॅब घट्ट झाला की त्याने वरची फ्लँज संपूर्ण लांबीभर धरलेली असते, आणि गर्डरला त्याची पूर्ण ताकद मिळते. पण स्लॅब ओतण्याच्या दिवशी काँक्रीट ओलं असतं. ते फक्त वजन देतं, आधार देत नाही. गर्डर दोन मीटरवर असतील तर त्या दिवशी प्रत्येकावर काँक्रीटचे ५, माणसं आणि अवजारांचे ३ आणि स्वतःचे ०.४४ किलोन्यूटन असे साडेआठच्या आसपास असतात. दीडपट धरून मोमेंट ५७ येतो, आणि मोकळ्या गर्डरची क्षमता ५६ आहे. क्रेटच्या भाराखाली निवांत राहणारा गर्डर ओतकामाच्या दुपारी मर्यादेच्या पलीकडे गेलेला असतो, आणि नेमके तेव्हाच त्याच्यावर आणि त्याच्याखाली सर्वांत जास्त माणसं असतात. उपाय साधा आहे. ओतण्याआधी गर्डर एकमेकांना मध्यावर आडव्या अँगलने बांधा आणि ते अँगल पुढे भिंतीत किंवा खांबात अडकवा. नुसतं एकमेकांना बांधून पुरत नाही, कारण मग सगळे मिळून एकाच बाजूला जाऊ शकतात. सेंट्रिंगच्या फळ्या वर नुसत्या टेकलेल्या असतील तर त्यांनाही आधार म्हणू नये.

काटोलच्या मोकळ्या शेडबद्दल मला यापेक्षाही जास्त काळजी वाटते. टिनाच्या छताखाली पर्लिन, म्हणजे टिन ज्यांवर बसवतात त्या आडव्या पट्ट्या, असतात आणि ते राफ्टरची, म्हणजे छताच्या उतरत्या गर्डरची, वरची फ्लँज धरून ठेवतात. वरून भार असेपर्यंत सगळं नीट चालतं. पण आंबिया बहाराची लहान फळं झाडावर असताना, मे महिन्याच्या वळवाच्या वादळात वारा शेडमध्ये शिरतो आणि छत वर उचलू पाहतो. नागपूर भागासाठी मानक वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतं. त्याचा मूळ दाब चौरस मीटरला १.१६ किलोन्यूटन येतो, म्हणजे जवळपास ११८ किलो. चार बाजू उघड्या, दोन उघड्या की एक, यावर तो दाब कमीजास्त होतो. त्याच्यासमोर टिनाचं वजन चौरस मीटरला पाच-सहा किलोच असतं. छत वर ओढलं गेलं की राफ्टर उलटा वाकतो. दाबात आता खालची फ्लँज येते, आणि तिला कोणीच धरलेलं नसतं. वरून पाहून भक्कम दिसणाऱ्या शेडचा राफ्टर म्हणूनच वादळात पिळून पडतो, आणि लोक म्हणतात की टिन उडालं. पर्लिनपासून खालच्या फ्लँजपर्यंत तिरपा अँगल लावणं, खांबाचे बोल्ट उचलण्याच्या ताकदीसाठी तपासणं आणि पायाचं वजन पुरेसं ठेवणं, या तिन्ही गोष्टींना फार खर्च येत नाही. पुस्तकातलं वाऱ्याचं प्रकरण लांबलं आहे, ते मुद्दाम.

टेकणीबद्दल थोडक्यात. वरच्या उदाहरणात गर्डरच्या टोकाला सुमारे ५८ किलोन्यूटन उतरतात. तो विटांच्या भिंतीवर चार इंच टेकवला तर विटांवर चौरस मिलिमीटरला ४ न्यूटनच्या वर ताण येतो. नेहमीच्या विटांच्या बांधकामाला मानक देतं त्या परवानगीच्या तो कितीतरी पट आहे. म्हणून खाली काँक्रीटचा बेडब्लॉक आणि त्यावर पोलादी प्लेट हवी. काळ्या मातीत पाया हलतो, हे आपल्या तालुक्यात कोणाला सांगायला नको. गर्डरची दोन्ही टोकं भिंतीत घट्ट चिणून टाकली तर भिंत हलताना ती गर्डरलाही सोबत ओढते. उन्हाळ्याचंही तसंच आहे. पोलाद अंशामागे दहा लाखांत १२ भाग वाढतं. जानेवारीच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत टिनाखालच्या पोलादाचं तापमान ४० अंशांनी बदललं तर बारा मीटरच्या गर्डरची लांबी जवळपास ६ मिमीने बदलते. एका टोकाला लांबट भोक ठेवलं की प्रश्न सुटतो.

आता वेल्डर मंडळींसाठी दोन गोष्टी. गर्डर आखूड पडला म्हणून तुकडा जोडायचा झाला तर जोड मध्यावर घेऊ नये, कारण तिथे मोमेंट सर्वांत जास्त असतो. सहा मीटरच्या गाळ्यात आधारापासून एक मीटरवर तो मधल्याच्या ५६ टक्के असतो. जोड तिथे घ्यावा, आणि तोही फ्लँजच्या पूर्ण जाडीतून शिरलेल्या वेल्डचा. वरून नुसती शिलाई मारलेला जोड दिसायला सारखाच असतो, काम करताना मात्र नाही. नळ किंवा वायर नेण्यासाठी भोक पाडायचं तर ते वेबच्या मध्यावर, गाळ्याच्या मधल्या भागात पाडावं. खालच्या फ्लँजला गॅसने खाच पाडणं मात्र कधीच करू नये. दुसरी गोष्ट रुळांची. नागपूर-इटारसी रेल्वेमार्गावरच्या गावांत जुने रूळ घरांच्या छताखाली तुळई म्हणून वापरलेले दिसतात आणि ते अनेक वर्षं टिकले आहेत. पण रुळाच्या पोलादात कर्ब पुष्कळ असतो. साध्या वेल्डिंगने त्याच्या जोडाजवळचा भाग काचेसारखा ठिसूळ होतो. रूळ अखंड टाकला तर ठीक, त्याला वेल्डिंग करू नये.

पुस्तकातले तक्ते दोन प्रकारे दिले आहेत, आणि वाचताना हा भेद सोडून चालणार नाही. पहिल्या तक्त्यात वरची फ्लँज पूर्ण धरलेली असतानाची क्षमता आहे. दुसऱ्यात ती दर दीड, तीन, साडेचार आणि सहा मीटरवर धरलेली असतानाची. शेड किंवा माळ्याच्या नकाशावर गर्डरचं नाव लिहिताना त्याच्या शेजारी आधारांमधलं अंतरही लिहावं असा आग्रह प्रत्येक प्रकरणात आहे. आगीचा परिणाम, गर्डर आणि स्लॅब एकजीव करणारं शिअर कनेक्टरचं बांधकाम, आणि क्रेनचे गर्डर हे विषय इथे घेतलेले नाहीत. ते करायचे झाल्यास संरचना अभियंत्याकडेच जावं. इतर कामांतही गाळा नऊ मीटरच्या पुढे गेला, खालून वाहन जात असेल किंवा वर माणसं जमणार असतील, तर तक्त्यातला आकडा घेऊन थेट दुकानात न जाता त्याच्याकडून हिशोब तपासून, सही घेऊन मगच माल उचलावा. माल उचलताना तीन मापं घ्यावीत: फ्लँजची रुंदी, फ्लँजची कड आणि वेब यांच्या मध्यावरची जाडी, आणि एका मोजलेल्या तुकड्याचं काट्यावरचं वजन. ती तक्त्याशी जुळली नाहीत, तर तक्त्यातली क्षमता त्या गर्डरची नाही.